भीड चेपण्याचे बारा रविवार : ठाण्यातल्या एका सराव-गटाच्या नोंदी

चारचौघांत बोलण्या-वागण्याची टोकाची भीती (सोशल अँक्झायटी) असलेल्यांचा असाच सराव-गट चालवू पाहणाऱ्यांसाठी या नोंदी ठेवल्या आहेत. सदस्य सहा, जागा नौपाड्यातल्या एका सोसायटीचं सभागृह, वेळ रविवारी सकाळी १० ते १२. चालवणारे दोघं : एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि एक सहायक. सदस्यांची नावं नाहीत, क्र. १ ते ६ एवढंच.

५ जानेवारी, रविवार

गट सुरू होण्याआधी प्रत्येकाशी वेगवेगळं पाऊण तास बोलून झालं होतं. चारचौघांतली भीती सहा महिने किंवा जास्त टिकून आहे का आणि तिच्यामुळे नोकरी, शिक्षण, लग्नकार्य अशा गोष्टी अडतात का, हे पाहिलं. नुसत्या मितभाषी माणसाला या गटाची गरज नसते. ज्यांच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार होते किंवा ज्यांचं रोजचं पिणं सुटत नव्हतं, त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सभागृहाच्या दाराला चिकटवून ठेवला आहे.

मोजमापाला लीबोविट्झ मापनी, म्हणजे ही भीती मोजणारी प्रश्नावली, घेतली. २४ प्रसंग, प्रत्येकाला भीतीसाठी ० ते ३ आणि टाळाटाळीसाठी ० ते ३, म्हणजे जास्तीत जास्त १४४. मराठी भाषांतर आम्हीच केलं, ते प्रमाणित नाही. त्यामुळे एका सदस्याचा आकडा दुसऱ्याशी ताडायचा नाही, ज्याचा त्याच्याशीच. भाषांतर करताना दोन प्रश्न अडले. ‘पार्टी देणं’ या प्रश्नावर सगळ्यांनी शून्य दिलं, कारण पार्टी देतो कोण? तिथे ‘घरी सत्यनारायण किंवा हळदीकुंकू ठेवून लोकांना बोलावणं’ असं केल्यावर आकडे बदलले. प्रेमाच्या हेतूने ओळख काढण्याच्या प्रश्नाला कांदेपोह्याचा कार्यक्रम जोडावा लागला.

आजची चूक मोठी आहे. खुर्च्या गोल मांडल्या आणि ‘प्रत्येकाने एक मिनिट स्वतःबद्दल सांगा’ असं म्हटलं. सहापैकी पाच जणांच्या यादीत सर्वांत वरची भीती हीच होती. आपली पाळी येईपर्यंत कुणीच दुसऱ्याचं ऐकत नव्हतं. क्र. ४ पाण्याची बाटली भरायला बाहेर गेला तो परत आला नाही. दोन निरोप पाठवले, उत्तर नाही. त्याचे पैसे परत केले.

पुढच्या वेळेपासून ओळख परेड बंद. खुर्च्या दोन-दोनच्या जोडीत, तिरप्या, दार सगळ्यांना दिसेल अशा.

१२ जानेवारी, रविवार

शिडी तयार केली, म्हणजे भीतीच्या प्रसंगांची कमी त्रासापासून जास्त त्रासापर्यंत यादी. प्रत्येक प्रसंगापुढे त्रासाचा अंदाज ० ते १००, हा मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पीचा जुना हिशेब. आलेल्या पायऱ्या अशा : ‘लोकांशी बोलणे’, ‘आत्मविश्वासाने वागणे’. अशा पायरीवर पाय कुठे ठेवायचा तेच कळत नाही. पायरीत जागा, वेळ, समोरचा माणूस आणि करायची कृती हे चारही हवं. क्र. ३ची ‘बाजारात बोलणे’ ही पायरी शेवटी अशी झाली : शनिवारी सकाळी ११ला जांभळी नाक्यावर मिरचीचा भाव विचारायचा, दुसऱ्या ढिगाचाही विचारायचा, आणि काही न घेता निघायचं. त्रास ५५.

एका शिडीला २५ मिनिटं लागली. आम्ही १० धरली होती. दोघांच्या शिड्या राहून गेल्या.

व्हॉट्सअॅप गटात फक्त आम्हीच लिहू शकू अशी सेटिंग केली. आधीच्या आठवड्यात एकाने ‘गुड मॉर्निंग’ टाकलं, कुणी उत्तर दिलं नाही, आणि निळ्या टिकांवर त्याचे तीन दिवस गेले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. कल्पना भारी वाटली होती : प्रत्येकाने १५ तिळाच्या वड्या घेऊन १५ अनोळखी लोकांना द्यायच्या. वॉचमन, रिक्षावाले, मेडिकलवाला, ग्रंथसंग्रहालयाच्या काउंटरवरचे. एक किलो वड्यांना ४८० रुपये. महिलांना आधीच सांगितलं की दुकानदार, काउंटर, दुसऱ्या बायका एवढंच. अनोळखी पुरुषाशी एकटीने बोलताना वाटणाऱ्या धास्तीत रास्त सावधपणाचा भाग असतो, तो घालवायचा नसतो.

पाचही जणांच्या सगळ्या वड्या संपल्या. लोक हसून ‘गोड गोड बोला’ म्हणाले. आम्ही खूश.

१९ जानेवारी, रविवार

खुशी उतरली. शिडीवरच्या पुढच्या पायरीचे अंदाज पुन्हा विचारले तर पाचपैकी चौघांचे जिथल्या तिथे. क्र. ५ने कारण सांगितलं : ‘संक्रांत होती म्हणून घेतलं. हातात वडी होती म्हणून बोलता आलं.’

बरोबर आहे. रिवाजाने परवानगी दिली होती आणि वडीने हात गुंतवले होते. ज्याची धास्ती होती ते तपासलंच गेलं नाही. धाडस झालं, शिकणं झालं नाही. असं का होतं याचं उत्तर मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५मध्ये मांडलेल्या आराखड्यात आहे. माणूस प्रसंगात जातो खरा, पण सोबत बचावाच्या बारीक सवयी नेतो. प्रसंग निभावला की श्रेय त्या सवयीला जातं, आणि भीती शाबूत राहते.

या सवयींना गटात ‘कुबड्या’ हा शब्द रुळला. आज आधी फक्त कुबड्या शोधल्या. कानात इअरफोन, पण गाणं बंद. घाम दिसू नये म्हणून कायम काळा शर्ट. वाक्य मनात चार वेळा घोकून मग बोलणं. कोविड संपून गेला तरी न सुटलेला मास्क. ग्लास दोन्ही हातांनी धरणं. लग्नात स्वतःहून वाढायला उभं राहणं, म्हणजे पंगतीत कुणाशेजारी बसावं लागत नाही. ही शेवटची तर घरच्यांकडून शाबासकी मिळवून देते, म्हणून वीस वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती.

मग जोड्यांमध्ये पाच-पाच मिनिटांच्या दोन गप्पा. पहिली कुबड्यांसकट आणि सगळं लक्ष स्वतःवर : आवाज कसा येतोय, गाल तापलेत का. दुसरी कुबड्या सोडून, लक्ष समोरच्यावर : तो काय सांगतोय, शर्टाची बटणं किती, पंखा कुरकुरतोय का. प्रत्येक गप्पेनंतर जोडीदार गुण देणार. इथेही घोळ झाला. कोणती गप्पा कोणत्या प्रकारची हे जोडीदाराला माहीत होतं, त्यामुळे दुसरीला उदार गुण पडले. पुन्हा करताना क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला आणि जोडीदाराला सांगितला नाही. तरी पाचपैकी चौघांना कुबड्या नसलेल्या गप्पेत जास्त गुण मिळाले. जोडीदारांचे शेरे वाचण्यासारखे होते : ‘पहिल्यांदा हा माझ्यावर नाराज आहे असं वाटलं.’ घोकून बोलणारा माणूस समोरच्याला तुटक वाटतो. ज्या कुबडीने लाज वाचवायची तीच लोकांना लांब ठेवते.

२६ जानेवारी, रविवार

सभागृहात झेंडावंदनानंतर सोसायटीचा सत्यनारायण. आम्हाला आदल्या रात्री कळलं. तलावपाळीच्या कट्ट्यावर बसलो. जागा भरपूर, पण सनई, घोषणा आणि भेळवाले यांत लेखी काम होत नाही. तास गेला.

उरलेल्या तासात नवा कागद बनवला. रकाने सहा : काय करणार, नेमकं काय होईल असं वाटतं, त्याची खात्री किती टक्के, कोणती एक कुबडी सोडणार, डोळ्यांनी काय दिसलं आणि कानांनी काय ऐकलं, आता खात्री किती.

सगळा जोर दुसऱ्या रकान्यावर. ‘त्यांना मी विचित्र वाटेन’ हे भाकीत चालत नाही, कारण ते तपासता येत नाही. विचित्र वाटलं तर माणूस काय करेल ते लिहायचं. क्र. ३ने लिहिलं : ‘भाजीवाली म्हणेल, घ्यायचं तर घ्या नाहीतर पुढे व्हा. आजूबाजूचे वळून बघतील. खात्री ८० टक्के.’ कुबडी : पिशवी पुढ्यात धरणं.

जांभळी नाका तिथून चालत जवळच. क्र. ३ गेली. भाजीवालीने तेच म्हटलं, जवळजवळ शब्दशः. वळून कुणीच बघितलं नाही, कारण तिथे ते वाक्य दर पाच मिनिटांनी कुणाला तरी ऐकवलं जातं.

यातून सातवा रकाना आला : ‘आणि मग?’ भाकीत खरं ठरलं तर पुढच्या दहा मिनिटांत काय झालं? क्र. ३ने लिहिलं : ‘पुढे झाले. शेजारच्याकडे कोथिंबीर घेतली.’ बिघडणारच नाही असा दिलासा देऊन कुणाला बाहेर पाठवू नका. लोक कधीकधी खरंच खेकसतात.

२ फेब्रुवारी, रविवार

क्र. १ची भीती हात थरथरण्याची. चारचौघांत चहा पीत नाही, पाहुण्यांकडे ‘नुकताच घेतला’ हे ठरलेलं उत्तर. शिडीवर पहिली पायरी होती, टपरीवर कटिंग पिणं. कुबडी : कोपरं बरगड्यांना चिकटवणं.

आधी नीट प्यायचा प्रयत्न केला. स्नायू आवळले की थरथर वाढते, ती वाढलीच. मग उलट केलं : हात मुद्दाम हलवायचा, चहा टेबलावर सांडायचा. जोडीदाराने दुरून दोनच गोष्टी मोजायच्या, किती जणांनी पाहिलं आणि किती सेकंद. भाकीत होतं ‘सगळे बघतील, कुणीतरी बरं नाही का असं विचारेल’. टपरीवर नऊ माणसं. दोघांनी पाहिलं, तीन सेकंदांहून कमी. टपरीवाल्याने न बघता फडकं फिरवलं. तिसऱ्या ग्लासाला क्र. १ला मुद्दाम हात हलवणं जमेना.

सूचना : चहा निवू द्या. पहिल्या ग्लासाला बोट भाजलं. आणि फडकं मारणाऱ्याला वरचे दहा रुपये द्या, सराव आपला, मेहनत त्याची.

९ फेब्रुवारी, रविवार

व्हिडिओ. ६५० रुपयांचा ट्रायपॉड, फोन डोळ्यांच्या उंचीवर, तीन मिनिटांचं बोलणं, ऐकायला चौघं.

पहिल्या दोघांचं वाया गेलं. फोन सेल्फी कॅमेऱ्यावर होता, बोलणारा स्वतःलाच बघत राहिला, म्हणजे समोर आरसा धरल्यासारखं झालं. मागचा कॅमेरा वापरा आणि स्क्रीन भिंतीकडे करा. पंखाही बंद करा, नाहीतर आवाज घरघरतो आणि माणूस म्हणतो, माझाच आवाज कापतोय.

तिसऱ्याला व्हिडिओ लगेच दाखवला, तो आमचा निष्काळजीपणा. लगेच पाहिलं की बोलताना अंगात जे चाललं होतं ते ताजं असतं, आणि तेच चित्रात दिसतं. क्र. ६ म्हणाली, ‘बघा ना किती लाल झालेय.’ आम्हाला लाली दिसत नव्हती. ती नाराज होऊन गेली.

उरलेल्यांना पद्धतशीर दाखवला. आधी डोळे मिटून आपण कसे दिसलो असू त्याचं चित्र आणायचं आणि आकडे लिहायचे : लाली १०पैकी किती, थरथर किती, सर्वांत लांब थांबा किती सेकंदांचा. मग ‘हा माणूस अनोळखी आहे’ असं समजून, आवाजासकट, फक्त दिसेल तेवढंच बघायचं. क्र. २ने थांबा १५ सेकंद लिहिला होता. स्टॉपवॉच लावलं, चार भरले. लालीचे वाद रंगावर जातात म्हणून रंगीत कागदाच्या पट्ट्या ठेवाव्यात, फिकट गुलाबीपासून गडद लालपर्यंत. आधी पट्टी निवडायची, मग स्क्रीनशेजारी धरायची. क्र. ६चं पुढच्या आठवड्यात असंच पुन्हा केलं. पट्टी तीन घरं खाली आली.

व्हिडिओ सदस्याच्या हातानेच डिलीट करायचा, ‘अलीकडे हटवलेले’मधूनही.

१६ फेब्रुवारी, रविवार

प्रसंग संपल्यावर घरी जाऊन त्याची रवंथ करणं, हा या आजाराचा अर्धा भाग. लोकलमध्ये उभ्या उभ्या, अंथरुणात, दोन दिवस. रवंथीत आठवण बदलते, आणि सोमवारपर्यंत रविवारचा बरा प्रसंग फजितीचा होऊन बसतो.

आज लक्षात आलं की रवंथीला वैरण आम्हीच घालत होतो. प्रत्येक सरावानंतर अर्धा तास ‘कसं झालं, काय वाटलं’ ही चर्चा. आता चार मिनिटं, तीही फक्त पाचव्या रकान्याची. काय वाटलं ते विचारायचं नाही. कागद घरी नेऊ द्यायचा नाही, फाइल सभागृहाच्या कपाटात. घरी रवंथ सुरू झाली तर तिच्याशी वाद न घालता हातातल्या कामाकडे वळायचं. वाद घातला की तीही रवंथच.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज काम शून्य. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकलमार्गावर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद. आम्ही पाहिला नव्हता. लोकलचा सराव रविवारी ठेवू नये, एवढं ठाण्यात राहून कळायला हवं होतं.

१ मार्च, शनिवार

दुपारी साडेबारा, गर्दी कमी. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसचा ‘लाज मोडण्याचा’ व्यायाम : गाडीत मोठ्याने पुढच्या स्टेशनचं नाव सांगायचं. एलिसने आरईबीटी ही विचारांवर काम करणारी उपचारपद्धती १९५५च्या सुमारास मांडली, पण प्रयोगाची सवय आधीची. एकोणीस वर्षांचा असताना न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स वनस्पती उद्यानात त्याने महिनाभर शंभर अनोळखी बायकांशी बोलायचं ठरवलं आणि बोलला. एकीनेच भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. गटात हा किस्सा आम्ही सांगतो तो यासाठी की त्याचं भाकीतही खरंच ठरलं होतं, नकार मिळालेच.

नियम : दोघांची जोडी, दारात उभं राहायचं नाही, आवाज डब्याच्या मध्यापर्यंत जाईल एवढाच, कुणी झोपलं असेल त्याच्या कानाशी नाही. महिला महिलांच्या डब्यात. ठाण्याहून वाशीपर्यंत आठ नावं : दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. अडचण अशी की गाडीतली घोषणा तेच काम करते. घोषणा संपल्यावर पाच सेकंदांनी बोलायचं, म्हणजे आपलं बोलणं उघड निरुपयोगी ठरतं. तेच हवं असतं.

क्र. २ आणि क्र. ५ चुकून पनवेल गाडीत चढले. ती तुर्भ्यानंतर जुईनगरला वळते. क्र. २ने खणखणीत आवाजात ‘सानपाडा’ म्हटलं. समोरचे काका म्हणाले, ‘अहो, ही पनवेल आहे, सानपाडा कुठलं?’ दोघं-तिघं हसले. क्र. २च्या कागदावर भाकीत होतं : ‘चूक होईल, लोक हसतील, मला उतरावं लागेल. ९० टक्के.’ पहिली दोन खरी ठरली. तिसऱ्याच्या जागी काकांनी वाशीला परत कसं जायचं ते सांगितलं आणि नेरूळपर्यंत गप्पा मारल्या. खात्री ३०वर आली. बारा आठवड्यांतला एकाच दिवसातला सर्वांत मोठा फरक हा, आणि तो नियोजनात नव्हता. आता चुकीचं एक नाव मुद्दाम घ्यायचं, पण असं की कुणी फसून उतरणार नाही. गाडी सुटल्यावर मागच्या स्टेशनचं नाव घ्यावं.

२ मार्च, रविवार

क्र. ५ ऑफिसच्या सादरीकरणाआधी मित्राने दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलच्या गोळ्या घेत होता, हे आज गप्पांत निघालं. त्याला दमा आहे. हे औषध धडधड आणि थरथर कमी करतं, पण दमेकऱ्याची श्वासनलिका आवळू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. पहिल्या मुलाखतीत आम्ही ‘औषधं चालू आहेत का’ असं विचारलं होतं, तो ‘नाही’ म्हणाला. मित्राची गोळी त्याच्या लेखी औषध नव्हती. प्रश्न बदलला : ‘कार्यक्रमाआधी काही घेता का? गोळी, दोन पेग, तंबाखू, काहीही?’

९ आणि १६ मार्च

दोन्ही रविवार ऑफिसच्या इंग्रजीवर गेले. ऐरोली, महापे, घणसोलीच्या कंपन्यांत काम करणारे तिघं, आणि तिघांची एकच गोष्ट : मीटिंगमध्ये इंग्रजी बोलायची वेळ आली की त-त-प-प. इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. येत नाही, की येतं पण तोंड उघडत नाही? प्रत्येकाला एकट्याने फोनवर दोन मिनिटं इंग्रजीत रेकॉर्ड करायला लावलं. क्र. १ला खरंच शब्द सापडत नव्हते, त्याला शिकवणी लागेल, सराव-गट पुरणार नाही. बाकी दोघं एकटे असताना चांगलं बोलले.

त्या दोघांना काम : रोजच्या सकाळच्या मीटिंगमध्ये व्याकरणाची एक चूक मुद्दाम करायची, ‘ही डोन्ट नो’ छापाची, आणि दुरुस्त करायची नाही. भाकीत : कुणीतरी दुरुस्त करेल, नाहीतर चॅटवर हसेल. पाच दिवसांत क्र. २च्या सहा चुका झाल्या, एकीवरही कुणी काही बोललं नाही. क्र. ५ला मॅनेजरने एकदा टोकलं. तो दिवस वाईट गेला, कागदावर ‘आणि मग?’ रकाना कोराच आला. भरायची सक्ती केली नाही. नंतर त्याने स्वतः भरला : ‘दुपारी त्यानेच डबा खायला बोलावलं.’

२३ मार्च, रविवार

मापनी पुन्हा. क्र. १ : ७१चा ५८. क्र. २ : ८४चा ४९. क्र. ३ : ६६चा ४५. क्र. ५ : ७८चा ६२. क्र. ६ : ९०चा ८७. क्र. ६ची टाळाटाळ कमी झाली, भीती नाही. तिला गट पुरेसा नाही, एकेकट्याचा सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्याचा) उपचार आणि मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला सुचवला. हे सहाव्या आठवड्यात ओळखता आलं असतं. तेव्हा आकडे घेतले नव्हते. पुढच्या गटात मधलं मोजमाप ठेवणार.

खर्च : सभागृह १० वेळा ४०० प्रमाणे ४०००, झेरॉक्स ३१०, ट्रायपॉड ६५०, वड्या ४८०, चहा (सांडलेल्यासकट) ७२०. एकूण ६१६०. पाच जणांचे प्रत्येकी १००० जमा, तूट ११६०. तिळाच्या वड्यांचे पैसे पुढच्या वेळी वाचतील.

महिन्याने, २० एप्रिलला, एक बैठक. सभागृहाच्या बुकिंगचा फोन आता सदस्यच पाळीने करतात, कागद न लिहिता. आजच्यासाठीचा पहिला फोन क्र. ३ने केला आणि १०च्या जागी ११ची वेळ सांगितली. आज तासभर जिन्यात बसून काढला, मोजमापाचे कागद तिथेच भरून झाले.